चित्र मोठे, तार बारीक

१९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळच्या आकाशात वायव्येला हेल-बॉप धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. आम्ही चार-पाच आकाशवेडे तेव्हा रोज रात्री एका डॉक्टर मित्राच्या दवाखान्यात जमत असू. शेवटचा रुग्ण गेला की डॉक्टर संगणक सुरू करायचे, कारण आमच्या ओळखीत इंटरनेटचे खाते फक्त त्यांच्याकडे होते. एके दिवशी बातमी आली की परदेशातल्या एका हौशी निरीक्षकाने धूमकेतूचे स्वतः काढलेले छायाचित्र ईमेलने पाठवले आहे. मोडेमने नेहमीची किरकिर करून तार जोडली आणि टपाल उतरू लागले. चाळीस मिनिटे झाली आणि लाइन तुटली. पुन्हा जोडली तर सगळे पहिल्यापासून सुरू! दुसऱ्या रात्री जवळपास तासाभराने चित्र पूर्ण आले. उघडून पाहिले तर पडदाभर काळोख, आणि मधोमध अंगठ्याएवढा धूमकेतू. त्या काळोखाचे पैसे डॉक्टरांनी भरले होते. शिवाय रांगेत त्या चित्राच्या मागे अडकलेली त्यांच्या कामाची चार पत्रे दोन दिवस उशिरा मिळाली, ते वेगळेच.

तासभर का लागला, याचा हिशोब सोपा आहे. तो आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल. चित्र १०२४ गुणिले ७६८ चित्रबिंदूंचे होते. प्रत्येक बिंदूला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचे तीन आकडे, म्हणजे तीन बाइट. गुणाकार होतो २३,५९,२९६ बाइट. ईमेलमधून जाण्यासाठी चित्राचे अक्षरांत रूपांतर करावे लागते आणि त्यात फाइल सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते, म्हणजे ती झाली सुमारे ३२ लाख बाइट. आमच्याकडच्या तारेवर मोडेम सेकंदाला ९६०० बिटच्या पुढे क्वचित जाई. एका बाइटला ढोबळमानाने दहा बिट धरले, तर सेकंदाला ९६० बाइट होतात. भागाकार केला की उत्तर येते ५६ मिनिटे. त्याच निरीक्षकाने आजूबाजूचा काळोख कापून टाकला असता आणि उरलेले चित्र संकोचित करून ४० किलोबाइटांत बसवले असते, तर ते एका मिनिटात आले असते. धूमकेतू तेवढाच दिसला असता.

तो गृहस्थ काही उद्धट नव्हता. त्याने प्रेमानेच चित्र पाठवले होते. फक्त पलीकडच्या माणसाच्या तारेचा हिशोब त्याने केला नाही. हा हिशोब कसा करावा याचे काही संकेत तोपर्यंत पक्के झालेले होते. टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना चित्रे पाठवणाऱ्या हौशी मंडळींनी दहा-बारा वर्षांत ते घडवले होते. ते कोणत्या अडचणीतून आले, हे पाहण्यासारखे आहे.

तारेवरून चित्र पाठवण्याची कल्पना संगणकाहून बरीच जुनी आहे. इटलीच्या जोव्हानी कासेली यांच्या पँटेलिग्राफ या यंत्राची सार्वजनिक सेवा पॅरिस आणि ल्यों या शहरांमध्ये १८६५ मध्ये सुरू झाली. हस्ताक्षर, सही किंवा रेखाचित्र त्यावरून जाई आणि आकार कागदाच्या क्षेत्रफळावर असे. १९२० नंतर लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये समुद्राखालच्या तारेवरून वर्तमानपत्री छायाचित्रे जाऊ लागली. बार्टलेन नावाच्या त्या पद्धतीत चित्राच्या फक्त पाच छटा करून त्या कागदी फितीवर भोकांच्या रूपात नोंदवत. जहाजाने चित्र जायला आठवड्याहून अधिक लागे, ते आता तीन तासांच्या आत पोचू लागले. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने मंगळाची चित्रे पाठवली, त्यांचे गणित तर मुलांना तोंडीही करता येईल. चित्र २०० गुणिले २०० बिंदूंचे, प्रत्येक बिंदूला ६ बिट, एकूण २,४०,००० बिट. वेग सेकंदाला ८⅓ बिट. एका चित्राला आठ तास! पहिले चित्र यंत्राने तयार होईपर्यंत तिथल्या अभियंत्यांना धीर धरवेना. त्यांनी आलेल्या आकड्यांच्या पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि खडूच्या रंगांनी आकड्यांप्रमाणे रंगवून मंगळ पाहिला.

कासेलींच्या ग्राहकाला शिष्टाचार शिकवावा लागला नाही, कारण पैसे तोच भरत होता. आपल्याकडच्या तारेतही असेच असे. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसे दोन शब्दांत मृत्यू आणि तीन शब्दांत लग्न कळवत. जुलै २०१३ मध्ये आपली तारसेवा बंद झाली, तोवर काटकसरीची ती भाषा कुणी न शिकवता लोकांना येत होती. चित्राचा खर्च पाठवणाऱ्याकडून निसटून दुसऱ्यावर पडू लागला, तेव्हा मात्र संकेतांची गरज भासली.

ती वेळ आली संगणकी सूचनाफलकांमुळे. जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत प्रचंड हिमवृष्टी झाली. घरात अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टन्सेन आणि रँडी स्यूस या दोन हौशी मित्रांनी त्या काळात एक सूचनाफलक बनवायला घेतला आणि १६ फेब्रुवारीला तो सुरू झाला. कुणीही आपल्या संगणकावरून त्याला फोन लावायचा, आलेले निरोप वाचायचे, आपला निरोप ठेवायचा आणि फोन ठेवून द्यायचा. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात असे हजारो फलक निघाले. बहुतेक एखाद्या माणसाच्या घरात, त्याच्या स्वतःच्या संगणकावर, आणि बहुधा एकाच टेलिफोनवर चालत.

एकच टेलिफोन ही गोष्ट इथे महत्त्वाची. एक जण आत असला की बाकीच्यांना 'एंगेज' ऐकू येणार. एसटीडी बूथच्या काचेबाहेर उभे राहून आतल्या माणसाकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने पाहिल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ही परिस्थिती समजावून सांगायला नको. निरोप वाचणारा पाच मिनिटांत बाहेर पडे. चित्र उतरवणारा मात्र पाऊण तास हलत नसे. म्हणून फलकचालकांनी प्रत्येकाला दिवसाकाठी ठराविक मिनिटे नेमून दिली. काहींनी आणखी एक नियम केला : जेवढे उतरवून घ्याल, त्याच्या काही प्रमाणात स्वतःचेही काही ठेवले पाहिजे. मधल्या वेळेत उगीच कुणी तार अडवून ठेवू नये, एवढाच या सगळ्यांचा हेतू होता.

१९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी असे फलक एकमेकांना जोडणारे फिडोनेट सुरू केले. त्यातले संगणक रात्री, लांबच्या फोनचा दर उतरल्यावर, आपापसांत फोन करून निरोपांची देवाणघेवाण करत. हा फोनखर्च कुठल्या तरी फलकचालकाच्या खिशातून जाई. तेव्हा दूरच्या अनोळखी माणसाने लिहिलेली प्रत्येक अनावश्यक ओळ कुणाच्या तरी बिलात दिसणार, ही जाणीव सर्वांना होती. फिडोनेटच्या धोरणपत्रातले वर्तनाचे नियम दोनच वाक्यांत सांगितलेले आहेत. दुसऱ्याला फार त्रास देऊ नये, हा पहिला. आणि स्वतःही फार चटकन त्रासून जाऊ नये, हा दुसरा. दुसरा नियम शिक्षक-खोलीत लावण्यासारखा आहे, असे मला नेहमी वाटते!

आता चित्रांकडे येऊ. १९८७ पर्यंत वेगवेगळ्या बनावटीचे संगणक एकमेकांची चित्रे सहसा उघडू शकत नसत. त्या वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने जिफ ही चित्रांची मांडणी जाहीर केली. स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने ती घडवली होती. कॉम्प्युसर्व्हचे ग्राहक तासावर पैसे भरत, त्यामुळे चित्र लहान आणि लवकर पोचणे याला तिथे मोल होते. जिफमध्ये दोन युक्त्या होत्या. पुन्हा पुन्हा येणारे नमुने थोडक्यात सांगायचे, ही एक. चित्राच्या ओळी क्रमाने न पाठवता मधल्या ओळी सोडत पाठवायच्या, ही दुसरी. दुसरी युक्ती मला शिष्टाचाराच्या दृष्टीने जास्त मोलाची वाटते. ती नीट समजण्यासाठी वर्गात एक खेळ खेळून पहा.

चौकटीच्या कागदावर १६ ओळी आणि १६ उभे रकाने आखा. एका मुलीला त्यात चौकटी काळ्या करून एक साधे चित्र काढू द्या : मांजर, कंदील, होडी, काहीही. दुसऱ्या मुलाला तसाच कोरा कागद देऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवा. मुलीने वरच्या ओळीपासून एकेक चौकट 'काळी', 'पांढरी' असे मोठ्याने सांगायचे आणि मुलाने भरायचे. ठिपक्यांची रांगोळी फोनवरून सांगण्यासारखाच हा प्रकार. सेकंदाला एक चौकट धरली, तर २५६ चौकटींना सव्वाचार मिनिटे लागतील. चौसष्टाव्या सेकंदाला घंटा वाजवून थांबवा. मुलाच्या कागदावर फक्त वरच्या चार ओळी असतील. मांजराचे कान दिसतील, पण तो कान आहे हे कळणार नाही.

आता नवे चित्र घ्या. या वेळी आधी १, ५, ९ आणि १३ क्रमांकाच्या ओळी सांगायच्या. मुलाने आलेली प्रत्येक ओळ तात्पुरती खालच्या तीन ओळींतही पेन्सिलीने तशीच भरायची. मग ३, ७, ११, १५ आणि शेवटी सम क्रमांकाच्या ओळी. नवी ओळ आली की तिथले तात्पुरते पुसून खरे भरायचे. चौसष्टाव्या सेकंदाला पुन्हा घंटा वाजवा. चित्र ओबडधोबड असेल, पण वर्गातले कुणी ना कुणी 'होडी!' म्हणून ओरडेल. एकूण वेळ दोन्ही खेपांना सारखाच. पण दुसऱ्या खेपेला घेणाऱ्याला चौथ्या हिश्शातच ठरवता येते की हे चित्र हवे की नको, थांबावे की फोन ठेवून द्यावा. जिफमध्ये हेच आठ-आठ ओळी सोडून केले जाते, म्हणजे एक अष्टमांश चित्र आले की अंदाज येऊ लागतो.

याच खेळात पहिली युक्तीही करून बघता येईल. 'पांढरी, पांढरी, पांढरी' असे सोळा वेळा म्हणण्याऐवजी 'सोळा पांढऱ्या' म्हणायचे. मुले खूश होतात, कारण चित्र झटपट संपते. मग एखादा खोडकर मुलगा बुद्धिबळाच्या पटासारखे चित्र काढून आणतो आणि 'एक काळी, एक पांढरी' म्हणता म्हणता आधीपेक्षाही जास्त वेळ लागतो. 'काळी-पांढरी ही जोडी आठ वेळा' असे सांगायचे त्यांना सुचले, तर जिफच्या आतल्या कल्पनेच्या ती बरीच जवळ पोचली असे समजा.

हौशी लोकांच्या चित्रांची दुसरी मोठी बाजारपेठ यूजनेटवर भरत होती. १९७९ मध्ये कल्पना निघालेले आणि १९८० पासून वाढत गेलेले हे चर्चागटांचे जाळे मुख्यतः विद्यापीठांमधून पसरले. तारांगण, पक्षी, रेल्वे, छायाचित्रण, प्रत्येकाचा वेगळा गट. यूजनेट फक्त साधी अक्षरे वाहून नेण्यासाठी बनले होते, म्हणून चित्र अक्षरांत बदलून पाठवावे लागे. त्यासाठीची यूयूएनकोड ही सोय मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी १९८० मध्ये लिहिली. तिच्यात तीन बाइटांची चार अक्षरे होतात. ४५ बाइटांची ओळ तयार होऊन बाहेर पडते तेव्हा ६२ बाइटांची होते. आमच्या धूमकेतूचे ३७ टक्के आले ते अशाच रूपांतरातून. लांब मजकूर वाटेत कापला जाई, म्हणून मोठ्या चित्राचे तुकडे करून ते एकामागून एक पाठवत. पाचातला तिसरा तुकडा हरवला की बाकीचे चार फुकट.

यूजनेटवर टाकलेला मजकूर एका जागी राहत नसे. तो गट घेणाऱ्या प्रत्येक संगणकावर त्याची प्रत जाई. पुण्यातल्या माणसाने नुसते 'वा, छान' म्हणताना आधीचे अख्खे चित्र उत्तरात तसेच ठेवले, तर त्याचीही हजारो संगणकांवर प्रत होणार. इथला मुख्य संकेत असा होता की चर्चेच्या गटात चित्र टाकायचे नाही. चित्रांसाठी वेगळे गट होते, तिथे ते ठेवायचे आणि चर्चेत फक्त 'तिथे ठेवले आहे' असे कळवायचे. वरवर पाहता हे सोवळ्या-ओवळ्यासारखे वाटते. पण त्यामागे व्यवहार होता. ज्या संस्थेची तार बारीक असेल, तिचा चालक चित्रांचे गट सरसकट बंद ठेवू शकत असे आणि चर्चेचे गट चालू ठेवू शकत असे. कुणी चर्चेत चित्र घुसवले की ही वाट बंद होई. मग चालक नाइलाजाने तो चर्चागटच बंद करण्याचा धोका. बारीक तारेवरची माणसे बोलण्यातूनही बाहेर पडणार.

विषयाच्या ओळीत चित्र कशाचे, कोणत्या मांडणीतले, किती किलोबाइटचे आणि कितवा तुकडा, हे लिहायचे, हा दुसरा संकेत. त्यामुळे घेणाऱ्याला आधीच भागाकार करता येई. दूरच्या संगणकावरून फाइल आणायची असेल, तर तिथल्या कामाच्या वेळा टाळाव्यात, असाही एक संकेत होता. तो आपल्याला सोयीचा होता, कारण आपली दुपार म्हणजे अमेरिकेची मध्यरात्र.

१९९२ मध्ये जेपेग हे प्रमाण मंजूर झाले आणि छायाचित्रांचे गणितच बदलले. त्याच्या गाभ्याशी असलेली युक्ती एका भारतीयाने सुचवलेली आहे. बंगळूरला १९४० मध्ये जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस राज्यात शिकवत होते. 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' या पद्धतीवर काम करण्यासाठी त्यांनी १९७२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. कल्पना फारच सोपी वाटल्याने ते नाकारले गेले. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाचे ६४ आकडे नव्या प्रकारे मांडतात : आधी चौकोनाची सरासरी उजळता, मग त्यातले सावकाश होणारे बदल, आणि शेवटी बारीक, झटपट बदल. शेवटचे बदल डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते ढोबळ केले किंवा सोडून दिले तरी चालते. रंगातला बारकावाही डोळा उजेडातल्या बारकाव्याइतका टिपत नाही, तिथेही बचत होते. छायाचित्र दहा-पंधरा पटींनी लहान झाले तरी पाहणाऱ्याला सहसा पत्ता लागत नाही. टॉम लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठीची आज्ञावली १९९१ पासून फुकट उपलब्ध करून दिली आणि ती जगभर पसरली.

पण इथे हौशी मंडळींपुढे एक खरा पेच उभा राहिला. जेपेग जे टाकून देते, तेच कधी कधी छंदाचे सर्वस्व असते. पक्षी ओळखताना पंखावरची फिकट रेघ, टपाल तिकिटाच्या कडेची भोके, ताऱ्यांच्या चित्रात एखाद्या अंधुक ठिपक्याचे असणे-नसणे. जास्त दाबलेल्या चित्रात उजळ ताऱ्याभोवती चौकोनी डाग उमटतात, आणि नवा तारा सापडल्याचा भ्रम होण्याइतके ते फसवे असतात. रेघांची चित्रे आणि अक्षरे तर जेपेगमध्ये मळल्यासारखी दिसतात. शिवाय उघडून पुन्हा साठवताना दर वेळी थोडे आणखी गळत जाते. म्हणून जाणकार सांगत : रेखाचित्र असेल तर जिफ, छायाचित्र असेल तर जेपेग. मूळ प्रत आपल्याजवळ जपा, आणि तिच्यातूनच दर वेळी लहान प्रत काढा. चर्चेसाठी लहान चित्र द्या, आणि मोठे हवे असेल त्याला मागू द्या. माझ्या मते या सगळ्या संकेतांमधला हा शेवटचा सर्वांत शहाणा आहे. त्यात घेणाऱ्याचा खिशाही सांभाळला जातो आणि निरीक्षणाचा पुरावाही.

ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी एका कार्यगटासाठी असे संकेत एकत्र करून जाळ्यावरच्या शिष्टाचाराची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ५० किलोबाइटपेक्षा मोठी फाइल ईमेलने पाठवू नये, असा अंगठेनियम तिच्यात आहे. फाइल मोठीच असेल, तर ती कुठेतरी ठेवून फक्त पत्ता कळवावा किंवा तिचे तुकडे करावेत. कारणही दिले आहे. ईमेलचा खर्च पाठवणारा आणि घेणारा साधारण सारखाच सोसतात, टपालासारखा किंवा टेलिफोनसारखा तो एकट्या पाठवणाऱ्यावर पडत नाही. आपल्याकडच्या जुन्या पिढीला यासाठी उदाहरण शोधायला लांब जायला नको. तिकीट न लावलेले 'नॉटपेड' पत्र आले की पोस्टमन घेणाऱ्याकडून दुप्पट पैसे मागे. असे पत्र पाठवणाऱ्याबद्दल घरात काय बोलले जाई, ते इथे लिहिण्यासारखे नाही. न मागता आलेले दोन मेगाबाइटचे चित्र हे तसेच नॉटपेड पत्र होते.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. विद्यार्थ्यांना परवडणारे स्वस्त खाते होते ते 'शेल' प्रकारचे. त्यात पडद्यावर नुसती अक्षरे येत. वेबची पाने पाहायची ती कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये तयार झालेल्या लिंक्स या अक्षरी न्याहाळकातून. इकडे १९९३ मध्ये मोझेक न्याहाळक आला होता आणि वेबच्या पानांत चित्रे बसू लागली होती. काही पानांवर तर चित्रांशिवाय काहीच नसे. लिंक्समध्ये अशा चित्राच्या जागी कंसात 'इमेज' एवढाच शब्द दिसे. भल्या लेखकांनी चित्रासोबत एक ओळ लिहिली असेल, तर ती ओळ दिसे. 'ऑल्ट' नावाची ही ओळ लिहिण्याची सोय नोव्हेंबर १९९५ च्या प्रमाणात होती, पण ती लिहिण्याचा आळस बहुतेक जण करत.

मराठीला यात वेगळाच फटका बसला. देवनागरी अक्षरे तेव्हा जगातल्या बहुतेक संगणकांना येत नव्हती. परदेशातले मराठी लोक एकतर रोमन लिपीत मराठी लिहीत, किंवा खास फाँट पाठवून तो बसवायला सांगत, किंवा सरळ मजकुराचे चित्र करून ते पानावर चिकटवत. इंग्रजीतला पानभर मजकूर दोन-तीन किलोबाइटचा. तेवढाच मराठी मजकूर चित्ररूपाने सहज दहापट जड. म्हणजे बारीक तारेवर बसलेल्या मराठी वाचकाला आपली भाषा वाचण्यासाठीच जास्त पैसे मोजावे लागत होते. लिंक्समध्ये तर ती कविता किंवा ती बातमी म्हणजे नुसता 'इमेज'.

पुढे तारा रुंद झाल्या आणि हिशोब यंत्रांनी अंगावर घेतला. आजच्या साध्या मोबाइलचे छायाचित्र चार हजार गुणिले तीन हजार बिंदूंचे असते. आमच्या १९९७ च्या तारेवर ते संकोचित असूनही तासाहून अधिक काळ उतरत राहिले असते. व्हॉट्सअ‍ॅप ते न विचारताच काही शे किलोबाइटवर आणते. ऑगस्ट २०२३ पासून मोठे पाठवायचे असेल तर तसे मुद्दाम निवडावे लागते. 'लहान चित्र द्या, मोठे हवे त्याला मागू द्या' हा जुना संकेत अशा रीतीने एका बटणात शिरला आहे. फक्त मागणे घेणाऱ्याकडून निघून पाठवणाऱ्याकडे गेले. एखाद्या चित्राची गरजच आहे का, हे मात्र यंत्र ठरवत नाही. डोंगरातल्या शाळेत एका कोपऱ्यात, खिडकीच्या कट्ट्यावर फोन ठेवला तरच रेंज येते. तिथून उपक्रमाचे दहा-दहा फोटो वर पाठवण्यासाठी ताटकळणाऱ्या शिक्षकांना हे सांगायला नको. फोन बहुधा उतरवून घेण्यापेक्षा वर चढवताना जास्त मंद असतो. अशा ठिकाणी एक नीट कापलेला फोटो आणि खाली दोन ओळी पुरतात का, हे मागणाऱ्यांनी एकदा स्वतः त्या कट्ट्यावर बसून पाहावे.

आणि ती दुर्लक्षित 'ऑल्ट' ओळ? डिसेंबर १९९७ च्या प्रमाणात ती सक्तीची झाली, आणि मे १९९९ मध्ये अपंगांसाठीच्या वेब-मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्याच क्रमांकावर आली. बारीक तारेवरच्या, चित्रे बंद ठेवणाऱ्या वाचकाला उपयोगी पडणारी ही सोय आता दृष्टिहीन वाचकांची आहे. पडदावाचक आज्ञावली पानावरचा मजकूर मोठ्याने वाचत जाते, मराठीही वाचते, आणि चित्र आले की ती ओळ वाचते. माझा एक दृष्टिहीन विद्यार्थी बारावीला असताना मोबाइलवर अशीच विज्ञानाची पाने ऐकत बसे. एकदा मी शेजारी होतो. पृथ्वीच्या अंतरंगावरचे पान चालले होते. कवच, प्रावरण, गाभा, सगळे छान ऐकू आले. मग आकृती आली. आवाज क्षणभर थांबला आणि म्हणाला, 'ग्राफिक. आयएमजी दोन हजार सत्तेचाळीस.' त्याने बोटाने पुढे सरकवले आणि मला विचारले, "सर, यात काय होतं?"